काचेच्या हंडीतला चौथा भिडू

वर्गात किंवा घरी काचेच्या टाकीत मासे पाळायचा प्रयोग ज्यांनी केला आहे, त्यांना पुढचा क्रम ओळखीचा वाटेल. टाकी घासूनपुसून लख्ख केली जाते. वाळू दहा पाण्यांनी धुतली जाते. नळाचे नितळ पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेले सहा-आठ मासे त्यात सोडले जातात. पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. मुले दिवसातून पाच-पाच वेळा खाणे टाकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि आठवड्याभरात एखादा पोट वर करून तरंगताना दिसतो. मग सगळे पाणी ओतून देऊन टाकी पुन्हा घासली जाते, नवे मासे येतात आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

गावाबाहेरच्या तळ्यात मात्र, ज्याचे पाणी आपण तोंडातही घेणार नाही, मासे सुखाने वाढत असतात. मग एवढ्या स्वच्छ पाण्यात ते का मरावेत? एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, तेव्हा 'प्राणवायू कमी पडला असेल' असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञही हेच उत्तर देत होते. ते पूर्ण खोटे नव्हते, पण अपुरे होते. उरलेले उत्तर ज्यांनी शोधले, त्यांच्यात पहिल्या प्रयोगकर्त्याचा मुलगाही होता. मात्र तो माशांकडे पाहत नव्हता, शेतातल्या मातीकडे पाहत होता.

दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती

१७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज संशोधकाने दाखवले होते, की मेणबत्ती जळून 'खराब' झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याचे रोप ठेवल्यास पुन्हा श्वसनयोग्य होते. हे काम झाडाचा हिरवा भाग करतो आणि तेही उजेडातच, हे यान इंगेनहाउझने १७७९ मध्ये सिद्ध केले. वनस्पती प्राण्यांची हवा शुद्ध करतात आणि प्राणी वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड पुरवतात, ही देवघेव त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना फार आवडली होती. जे हवेत घडते, तेच पाण्यात घडवून दाखवता येईल का?

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेच्या इमारतीत, म्हणजे अपोथिकरीज हॉलमध्ये, रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत असे. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्याने सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५४-५५ लिटर पाणी मावेल अशी काचेची हंडी घेतली. ती झऱ्याच्या साध्या पाण्याने निम्मीच भरली. तळाशी वाळू आणि गाळ घातला. चुनखडीचे व वाळूच्या खडकाचे काही तुकडे ठेवले. त्यात व्हॅलिसनेरिया या फितीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचे एक रोप लावले आणि दोन लहान सोनमासे सोडले.

काही दिवस सारे ठीक चालले. पुढे व्हॅलिसनेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाण्यात बुळबुळीत तवंग साचला आणि काचेवर हिरवट थर चढला. वॉरिंग्टनने पाणी बदलले नाही. तळ्यात हे कुजके कोण खाते, याचा विचार करून त्याने पाच-सहा पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि तवंग फस्त केला. पाणी निवळले. गोगलगाईंनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली. पाणी न बदलता हा छोटा संसार महिनोन्महिने चालू राहिला. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने निष्कर्ष मांडला: मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा तोल साधला, तर पाणी आपोआप जीवनयोग्य राहते.

निरीक्षण अचूक होते. पण हंडीतले भिडू मोजताना एक मोजायचा राहिला होता.

काचटाक्यांची साथ

समुद्रातले जीव काचेच्या भांड्यात ठेवण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात झान व्हिलप्र-पॉवर या संशोधिकेने १८३२ मध्ये अष्टपादाच्या एका जातीचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. लंडनच्या ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणले. त्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी खिडकीशी उभी राहून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे.

वॉरिंग्टनच्या निबंधानंतर या हौसेला तत्त्वाचा आधार मिळाला. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याने टाकीत जलचर कसे पाळावेत यावर पुस्तक लिहिले आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला. दिवाणखान्यात काचटाकी असणे हे सुशिक्षित घराचे लक्षण होऊन बसले.

पण ही साथ आली तशी ओसरली. १८६८ मध्ये या विषयावर लिहिताना जे. जी. वुड या लेखकाने नोंदवले, की दहांपैकी नऊ टाक्या लोकांनी सोडून दिल्या. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मासा, वनस्पती, गोगलगाय सगळे आणूनही पाणी बिघडत होते. 'तोल' बिघडला, एवढेच कारण सांगता येत होते. तोल कशाचा, हे कोणाला कळत नव्हते.

ज्यांचे मासे जगले, त्यांच्या पद्धतीत मात्र एक सूचक गोष्ट दिसते. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा काचटाक्यांचा व्यापारी पुढे मोठी मत्स्यालये उभारू लागला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले त्याचे मत्स्यालय १८७१ मध्ये उघडले. तेथे दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा खालचा अंधारा हौद कितीतरी मोठा होता, आणि पाणी अहोरात्र हौदातून टाकीत आणि टाकीतून हौदात फिरत असे. समुद्राचे तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येई. हिरव्या वनस्पतीवाचून, अंधारात पाणी सुधारत होते. 'वनस्पती पाणी शुद्ध करते' या सूत्रात हे कुठेच बसत नव्हते.

पाण्यात नेमके काय साचते?

येथे थोडे थांबून माशाच्या शरीराकडे पाहू. अन्नातल्या प्रथिनांचे विघटन झाले, की नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ तयार होतात. आपण ते युरियाच्या रूपात मूत्रातून टाकतो. बहुतेक मासे ते सरळ अमोनियाच्या रूपात आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे टाकतात. तळ्यात किंवा नदीत हा अमोनिया विरून जातो. टाकीत तो साचतो. न खाल्लेले खाणे आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी आहे, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरून माशाला मारतो. दोघांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच मुक्त असतो. सामू ८ झाला, की तो सुमारे ५ टक्के होतो. ९ झाला, की ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत एका घरचे मासे तग धरतात आणि दुसऱ्या घरचे मरतात. यात नशिबाचा भाग नाही, रसायनशास्त्राचा आहे.

म्हणून कल्ले भाजलेला मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो, तेव्हा पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही तो गुदमरत असू शकतो. लक्षण एकच, पण रोग वेगळा.

मग वॉरिंग्टनच्या हंडीतला अमोनिया गेला कुठे? थोडा व्हॅलिसनेरियाने खत म्हणून घेतला, हे खरे. उरलेल्याचे उत्तर मिळाले पॅरिसमध्ये, सांडपाण्यात.

वीस दिवसांची वाट

गोठ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीला पांढरा खार फुटतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असू शकते. बंदुकीच्या दारूसाठी युरोपातले देश शेण, मूत्र, माती आणि चुना यांचे ढीग रचून सोरा 'पिकवत' असत. मूत्रातल्या नायट्रोजनचे नायट्रेट होते, हे त्यामुळे ठाऊक होते. ते कसे होते, हे ठाऊक नव्हते. हवेतल्या प्राणवायूशी होणारी ती साधी रासायनिक क्रिया असावी, असाच बहुतेकांचा समज होता.

१८७७ मध्ये तेओफिल श्लोझिंग आणि ॲशिल म्युन्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. उंच नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी अगदी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून अमोनिया जात होता, खालून अमोनियाच येत होता. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. ते वाढत गेले आणि शेवटी अमोनिया उरलाच नाही.

क्रिया निव्वळ रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. वीस दिवस वाट कशाची पाहायची? संशोधकांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट तयार होणे बंद झाले. क्लोरोफॉर्म काढून टाकून त्यांनी थोड्या ताज्या मातीचे पाणी वरून ओतले, आणि काही काळाने काम पुन्हा सुरू झाले. जे क्लोरोफॉर्मने थांबते आणि मातीच्या विरजणाने पुन्हा सुरू होते, ते सजीवांचे काम असले पाहिजे. वीस दिवस लागत होते ते या सूक्ष्मजीवांची संख्या वाढायला.

नवी काचटाकी आणि श्लोझिंगची नळी यांत फरक एवढाच, की नळीत मासे नव्हते. टाकीतले मासे याच वीस दिवसांत मरतात.

वडिलांची हंडी, मुलाची माती

पॅरिसची ही बातमी वाचून इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातल्या एका रसायनतज्ज्ञाने हा प्रयोग पडताळून पाहिला आणि १८७८ मध्ये त्याला दुजोरा दिला. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनमाशांची हंडी मांडणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा, वडिलांचेच नाव असलेला. त्याचा जन्म १८३८ चा. वडिलांनी हंडीत मासे सोडले, तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. रसायनशास्त्राचे धडे त्याने वडिलांच्याच प्रयोगशाळेत घेतले होते.

धाकट्या वॉरिंग्टनचा प्रश्न वेगळा होता. शेतात घातलेल्या खतातला अमोनिया पिकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो? त्याने दाखवले, की ही क्रिया अंधारात नीट चालते, उजेडाने तिला अडथळा होतो. तिच्यात आम्ल तयार होत असल्यामुळे ते मारायला खडूसारखा चुन्याचा पदार्थ लागतो. पुढे त्याने दाखवले, की काम दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचे नायट्राइट होते, मग नायट्राइटचे नायट्रेट; आणि हे दोन टप्पे पार पाडणारे जीव वेगवेगळे असतात.

आता वडिलांच्या हंडीकडे पुन्हा पाहा. तळाशी गाळ होता, म्हणजे मातीचे विरजण आले. वाळू होती, म्हणजे जीवाणूंना चिकटायला जागा आली. चुनखडीचे तुकडे आम्ल मारत होते. मासे दोनच होते आणि पाणी पंचवीस-सत्तावीस लिटर, त्यामुळे विरजण लागेपर्यंत अमोनिया मारक पातळीला पोहोचला नाही. ज्या गोष्टी थोरल्या वॉरिंग्टनने केवळ तळ सजवावा तशा घातल्या होत्या, त्यांनीच अर्धे काम केले होते. आणि लॉइडचा अंधारा हौद का चालला, तेही आता उलगडते. त्याच्या भिंतींवर आणि नळांत हेच जीव वस्तीला होते.

पण मुलाला एक यश मिळाले नाही. हे जीव वेगळे काढून दाखवणे त्याला साधेना. त्या काळी जीवाणू वेगळे करायचे, तर ते जिलेटिनच्या थरावर वाढवत. जिलेटिनवर जे वाढत, ते अमोनियाचे काही करत नसत. जे अमोनियाचे नायट्राइट करत, ते जिलेटिनवर वाढत नसत. अनेक संशोधकांना या कोड्याने वर्षानुवर्षे हुलकावणी दिली. १८९० मध्ये झुरिचमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन संशोधकाने ते उलट्या बाजूने सोडवले. त्याने पोषक द्रवातून सेंद्रिय अन्न काढूनच टाकले. फक्त अमोनियाचा क्षार आणि इतर खनिजे ठेवली. इतर जीवाणू उपाशी राहिले. हे मात्र वाढले. कारण ते अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात. उजेडाशिवाय, हरितद्रव्याशिवाय स्वतःचे अन्न तयार करणारे सजीव! याच सुमारास पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही असाच जीव वेगळा केला. पुढे या दोन टप्प्यांच्या जीवाणूंना नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे पाठ्यपुस्तकांत कायम झाली.

अशा तुटपुंज्या कमाईवर जगणारे जीव सावकाशच वाढणार. कुजवणारे जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, तर यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. नव्या टाकीला आठवडे का लागतात, ते यात आहे.

शोध टाकीतच परतला

शेतीशास्त्राने हे सगळे शिकून घेतले, तरी हौशी मत्स्यपालकांच्या पुस्तकांत 'मासा-वनस्पती-गोगलगाय' हा तोल पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. १९४९ मध्ये जेम्स ॲट्झ या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने या समतोल टाकीला उघडपणे दंतकथा म्हटले. टाकीतल्या वायूंची देवघेव मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून हवेशी होते, हे त्याने निदर्शनास आणले. त्यामुळे उथळ आणि पसरट टाकी ही अरुंद व उंच टाकीपेक्षा बरी.

त्यानंतर गंमत झाली. जीवाणूशास्त्राचे धडे घेणारी काचटाकी आता जीवाणूशास्त्राला धडे देऊ लागली. १९९६ मध्ये होव्हानेक आणि डीलाँग या अमेरिकन संशोधकांनी टाक्यांतल्या जीवाणूंची जनुकीय तपासणी केली, तेव्हा पाठ्यपुस्तकातला नायट्रोबॅक्टर तेथे सापडलाच नाही. नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरा गटातले जीवाणू करत असल्याचे १९९८ मध्ये पुढे आले. २००५ मध्ये सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून असा सूक्ष्मजीव वेगळा केला गेला, जो जीवाणू नव्हताच. तो आर्किया या वेगळ्याच गटातला होता आणि तरीही अमोनियाचे नायट्राइट करत होता. आणि २०१५ मध्ये माशांच्या संवर्धनासाठी पाणी फिरवणाऱ्या एका यंत्रणेच्या गाळणीत असे नायट्रोस्पायरा मिळाले, जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. दोन टप्पे, दोन जीव हा धाकट्या वॉरिंग्टनच्या काळापासूनचा नियम सव्वाशे वर्षांहून अधिक टिकला, आणि अपवाद सापडला तो माशांच्या पाण्यात.

वर्गासाठी

या इतिहासातून टाकी सांभाळण्याचे नियम आपोआप निघतात. पाठ करावे लागत नाहीत. टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीतली मूठभर वाळू किंवा गाळणीचा स्पंज आणून ठेवावा, हे विरजण. रोज चिमूटभर खाणे टाकून ते कुजू द्यावे, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळेल. आधी अमोनिया वाढतो. मग नायट्राइट वाढते. तेही माशांना घातक असते, कारण त्याने रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दोन्ही शून्यावर आले, की नायट्रेट उरते, आणि ते बऱ्याच प्रमाणात सोसते. आपल्याकडच्या उबदार हवेत याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळणाऱ्या चाचणीच्या द्रवांनी मुलांना दर दोन दिवसांनी मोजमाप करून आलेख काढता येईल. नायट्राइटचा उंचवटा खाली येतो तो दिवस मासे आणण्याचा. त्यातही आधी दोनच आणावेत, वॉरिंग्टनसारखे.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि जीवाणूही मारते. पाणी एक-दोन दिवस पसरट भांड्यात उघडे ठेवावे किंवा प्रयोगशाळेतल्या हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, एक-दोन लहान खडे बादलीभर पाण्यात घालावेत. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील, तर नुसते उघडे ठेवून भागत नाही. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. आणि पाणी बदलायचे ते आठवड्याला चौथा हिस्सा, सगळे कधीच नाही. पाणी बिघडले म्हणून टाकी घासणारा माणूस घाणीबरोबर घाण साफ करणाऱ्यांनाही गटारात ओततो, आणि वीस दिवसांची वाट पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

थोरल्या वॉरिंग्टनला चौथा भिडू दिसला नाही, यात त्याची चूक काढण्यासारखे काही नाही. दिसेल तेवढे त्याने नीट पाहिले आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवले. तळाचा गाळ, चुनखडीचे तुकडे, निम्मी भरलेली हंडी, सगळे त्याने नोंदवले होते. त्याचे महत्त्व त्याला ठाऊक नसतानाही. म्हणूनच आज आपण त्या हंडीत डोकावून पाहू शकतो. मुलांच्या वहीत टाकीची नोंद करून घेताना हे लक्षात ठेवावे. 'पाणी, मासे, वनस्पती' एवढेच न लिहिता वाळू कुठली, पाणी कुठले, खाणे किती, गाळणी कधी धुतली हेही लिहायला सांगावे.